भिंगामागची जागा : जुन्या वाइड-अँगल लेन्स आणि रेंजफाइंडर बॉडी

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा नसतो. छायाचित्रकार लेन्समधून पाहत नाही. तो बाजूच्या स्वतंत्र खिडकीतून पाहतो आणि खिडकीच्या मधोमध दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस साधतो. त्यामुळे लेन्सच्या मागची जागा रिकामी राहते. १९३० ते १९७० या काळात जर्मनी, सोव्हिएत संघ आणि जपानमधल्या रचनाकारांनी वाइड-अँगल लेन्स घडवताना या जागेचा पुरेपूर उपयोग केला. काही लेन्सची मागची काच त्यांनी शटरच्या अगदी जवळ नेऊन ठेवली. पुढे कॅमेऱ्यांनी हीच जागा स्वतःच्या कामांसाठी घेतली. आधी तिथे प्रकाश मोजणारा सेल आला, मग सेन्सर आणि त्याच्यावरची काच. जुनी वाइड लेन्स एखाद्या बॉडीवर कशी चालेल, हा प्रश्न मुख्यतः या जागेचा आहे. माउंट जुळणे ही त्यातली सर्वांत सोपी पायरी.

काच आत का शिरली

३५ मिमी फिल्मवरची चौकट २४ × ३६ मिमीची असते आणि तिचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो. ५० मिमीची लेन्स या चौकटीसाठी सर्वसाधारण मानली जाते. ३५ मिमीची लेन्स कर्णावर सुमारे ६३ अंश टिपते, २८ मिमीची ७५ अंश आणि २१ मिमीची ९२ अंश. कोन वाढू लागला की दोन अडचणी उभ्या राहतात. कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि कोपरे काळवंडतात.

पहिल्या अडचणीवरचा जुना उपाय म्हणजे सममिती. अ‍ॅपर्चरच्या पुढे आणि मागे जवळपास सारखीच भिंगे ठेवली, तर पुढच्या अर्ध्या भागाने केलेली वक्रता मागचा अर्धा भाग खोडून काढतो. रंगांचे कडेला होणारे फाटणेही असेच कमी होते. मात्र अशा लेन्सचे अ‍ॅपर्चर फिल्मपासून साधारण फोकल लेंथइतक्याच अंतरावर असते. २१ मिमीच्या लेन्समध्ये ते फिल्मपासून दोनेक सेंटिमीटरवर येते आणि लेन्सचा मागचा अर्धा भाग तेवढ्यातच बसवावा लागतो. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात हे शक्य नाही. रेंजफाइंडरमध्ये ते सहज जमते.

दुसरी अडचण भूमितीची आहे. साध्या लेन्समध्ये कोपऱ्यावर पोहोचणारा प्रकाश तिरकेपणाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. या हिशेबाने ३५ मिमीच्या लेन्सच्या कोपऱ्यात मध्याच्या सुमारे निम्मा प्रकाश पोहोचतो, २१ मिमीच्या कोपऱ्यात पाव हिश्श्याहून थोडा कमी आणि १५ मिमीच्या कोपऱ्यात जेमतेम दहावा हिस्सा. सोव्हिएत रचनाकार मिखाईल रुसिनोव यांनी १९४०च्या दशकात यावर तोड काढली. दोन्ही टोकांना मोठी, खोलगट, ऋण भिंगे लावली तर तिरक्या किरणांना अ‍ॅपर्चर आहे त्याहून मोठे दिसते. मग प्रकाश चौथ्याऐवजी साधारण तिसऱ्या घाताने घटतो. लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी याच वाटेने बायोगॉन २१ मिमी एफ/४.५ ही लेन्स घडवली आणि ती १९५४मध्ये कॉन्टॅक्ससाठी बाजारात आली. श्नायडर कंपनीने लायकासाठी बनवलेली सुपर-अँगुलॉन २१ मिमी १९५८मध्ये एफ/४ आणि १९६३मध्ये एफ/३.४ या रूपांत आली. रुसिनोव यांची २० मिमी एफ/५.६ रुसार एमआर-२ याच कुळातली.

आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी वेगळा मार्ग शोधावा लागला. पिएर आंजेन्यू यांनी १९५०मध्ये ३५ मिमी एफ/२.५ रेट्रोफोकस लेन्स आणली. तिच्या तोंडाशी मोठे ऋण भिंग असल्यामुळे प्रतिमा मागे ढकलली जाते आणि आरशाला जागा मिळते. पण अशी लेन्स मोठी होते आणि सममितीचा फायदा हातून जातो. १९५९च्या निक्कोर २१ मिमी एफ/४ या लेन्सवरून त्या काळातली ओढाताण कळते. ती निकॉनच्या रेंजफाइंडरसाठी होती आणि आरशाच्या निकॉन एफ बॉडीसाठीही. मात्र निकॉन एफवर ती लावण्याआधी आरसा वर उचलून कुलूपबंद करावा लागे आणि दृश्य बघायला वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागे. म्हणजे आरशाचा कॅमेरा तेवढ्यापुरता रेंजफाइंडरसारखा वापरायचा.

स्क्रू, बायोनेट आणि एक मिलिमीटर

ऑस्कर बार्नाक यांचा लायका १९२५मध्ये वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीने विक्रीस आणला. लेन्स बदलण्याची सोय १९३०मध्ये आली आणि १९३१मध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी असे कायम झाले. ३९ मिमी व्यासाचा हा स्क्रू माउंट लायकापुरता राहिला नाही. सोव्हिएत फेड आणि झोर्की, जपानी कॅनन आणि इतर अनेक कॅमेऱ्यांनी तो उचलला. म्हणूनच जुन्या वाइड लेन्सचा सर्वांत मोठा साठा आज याच माउंटमध्ये सापडतो : लाइट्झची ३५ मिमी एल्मार, २८ मिमी हेक्टर, ३५ आणि २८ मिमी सुमारॉन, कॅननच्या २५ आणि २८ मिमी, सोव्हिएत ज्युपिटर-१२, ओरिऑन-१५ आणि रुसार.

१९५४मध्ये लायका एम३ आला आणि त्यासोबत एम बायोनेट. या माउंटचे अंतर २७.८ मिमी, म्हणजे स्क्रू माउंटपेक्षा बरोबर १ मिमीने कमी. त्यामुळे १ मिमी जाडीची कडी मध्ये घातली की स्क्रूची लेन्स एम बॉडीवर अचूक अंतरावर बसते. उलट दिशेने, म्हणजे एम लेन्स स्क्रूच्या बॉडीवर, हे जमत नाही.

या कडीची जाडी काटेकोर असावी लागते आणि वाइड लेन्सच्या बाबतीत तर अधिकच. वाइड लेन्सला फोकसची चूक चालते, असा समज आहे. समोरच्या दृश्यातल्या अंतराच्या चुकीपुरता तो खरा आहे, माउंटच्या चुकीपुरता नाही. कडीमुळे लेन्स ०.०५ मिमी पुढे सरकली, तर अनंतावर ठेवलेली ५० मिमीची लेन्स ५० मीटरवर फोकस करते आणि २१ मिमीची लेन्स ९ मीटरच्या आत. एफ/४वर दूरच्या बिंदूचा होणारा पसारा दोन्हींत सारखाच, सुमारे ०.०१२ मिमी. फिल्मवर तो सहसा लपतो. ज्या सेन्सरचे पिक्सेल ७ मायक्रॉनचे आहेत, त्याच्यावर दूरची झाडे-इमारती मऊ दिसतात आणि दोष लेन्सच्या माथी येतो.

कॉन्टॅक्स, किएव्ह आणि निकॉन

ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने १९३२मध्ये लायकाला स्पर्धक म्हणून कॉन्टॅक्स आणला. त्याच्या ५० मिमी लेन्सचे फोकस करणारे आटे लेन्समध्ये नसतात, बॉडीत असतात. आतल्या बायोनेटवर बसणाऱ्या वाइड लेन्सही याच आट्यांवर पुढे-मागे होतात. म्हणून या लेन्स लायकावर वापरायच्या तर नुसती कडी पुरत नाही. स्वतःचे आटे आणि रेंजफाइंडरला जोडणारा कॅम असलेला अडॅप्टर लागतो.

कॉन्टॅक्ससाठी बेर्टेले यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी ३५ मिमी एफ/२.८ बायोगॉन रचली होती. तिचा मागचा काचेचा गोळा बॉडीत खोलवर जातो. युद्धानंतर स्टुटगार्टमध्ये झाइस इकॉनने कॉन्टॅक्स २ए नव्याने घडवला, तेव्हा आतली जागा बदलली आणि जुनी बायोगॉन त्यात मावेना. माउंट तोच, नावही तेच, तरी त्याच कंपनीची लेन्स तिच्याच नव्या बॉडीवर चढत नव्हती. कंपनीला नवी बायोगॉन रचावी लागली. कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री युद्धाची भरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली होती. तिच्यावर तयार झालेल्या किएव्ह कॅमेऱ्यांत आतली मांडणी जुनीच राहिली. त्यामुळे युद्धपूर्व बायोगॉन आणि तिची सोव्हिएत आवृत्ती ज्युपिटर-१२ या दोन्ही किएव्हवर सहज बसतात.

निकॉनने आपल्या एस मालिकेत कॉन्टॅक्ससारखाच दिसणारा बायोनेट घेतला, पण फोकसच्या आट्यांचा हिशेब थोडा निराळा ठेवला. दोन्हींच्या लेन्स एकमेकींच्या बॉडीवर चढतात. २१, २५, २८ किंवा ३५ मिमी लेन्स अ‍ॅपर्चर थोडे बंद करून वापरली, तर दोन मापांतला फरक स्पष्टतेच्या खोलीत (डेप्थ ऑफ फील्ड) झाकला जातो. ८५ आणि १३५ मिमीच्या लेन्सवर तो जवळच्या विषयाच्या फोटोत उघडा पडतो. कॉन्टॅक्स आणि निकॉनमध्ये देवाणघेवाण करायचीच असेल, तर ती वाइड लेन्सपुरती ठेवणे शहाणपणाचे.

रेंजफाइंडरशी जोडणी

लायकामध्ये लेन्सच्या मागे एक कॅम असतो. बॉडीतली छोटी चाकी त्याच्यावर टेकून लेन्स किती पुढे गेली ते रेंजफाइंडरला कळवते. वाइड लेन्सची प्रत्यक्ष हालचाल फारच थोडी असते. तिचे ५० मिमीच्या मापात रूपांतर करण्यासाठी कॅमला उतार द्यावा लागतो. फेड आणि झोर्कीमध्ये चाकीऐवजी वेगळ्या आकाराचे टोक असते. त्यामुळे सोव्हिएत लेन्स लायकावर आणि लायकाच्या लेन्स झोर्कीवर लावताना जवळच्या अंतरावर फोकस तपासून घ्यावा लागतो.

काही लेन्सना जोडणीच नाही. रुसारला नाही. कोसिना कंपनीने १९९९मध्ये फोइग्टलेंडर नावाने आणलेल्या १५ मिमी एफ/४.५ सुपर वाइड-हेलिअर आणि २५ मिमी एफ/४ स्नॅपशॉट-स्कोपार या लेन्सच्या पहिल्या आवृत्तींनाही नव्हती. त्यांच्यासोबतच्या बेसा-एल बॉडीत तर रेंजफाइंडर आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही नव्हते. तिथे फोकस अंदाजाने करायचा. एफ/८वर २१ मिमीची लेन्स सुमारे १.९ मीटरवर ठेवली, तर जवळपास एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळे फिल्मच्या नेहमीच्या निकषाने स्पष्ट येते. १५ मिमीला हेच साधायला ०.९५ मीटर पुरते आणि स्पष्टता अर्ध्या मीटरपासून सुरू होते. २८ मिमीला ३.३ मीटर लागतात. रस्त्यावर झटपट फोटो काढणाऱ्यांची वाइड लेन्सवर भिस्त असते ती यामुळेच.

चौकट कुठे दिसते

लेन्स बसली आणि फोकसही जुळला, तरी दृश्य दिसण्याचा प्रश्न उरतो. रेंजफाइंडरची खिडकी लेन्सप्रमाणे बदलत नाही. तिच्यात फक्त उजळ रेघांच्या चौकटी उमटतात. एम३मध्ये ५०, ९० आणि १३५ मिमीच्या चौकटी होत्या, ३५ची नव्हती. म्हणून लाइट्झने ३५ मिमीच्या सुमारॉन, सुमिक्रॉन आणि सुमिलक्स लेन्सच्या चष्मा लावलेल्या आवृत्त्या काढल्या. चष्म्याच्या भिंगांमुळे खिडकीतले दृश्य लहान होते आणि ५०च्या चौकटीत ३५चे दृश्य मावते. एम२मध्ये ३५ची चौकट आली, १९८०च्या सुमारास आलेल्या एम४-पीमध्ये २८ची. मिनोल्टा सीएलईमध्येही २८ची चौकट आहे. २१ आणि २५ मिमीच्या चौकटी हव्या असतील तर कोसिनाची बेसा आर४ घ्यावी. तिच्या खिडकीत दृश्य जवळपास अर्ध्या आकाराचे दिसते म्हणून त्या मावतात.

इतर बॉडींवर वरच्या शूमध्ये वेगळा व्ह्यूफाइंडर बसवतात. फोकस एका खिडकीत, रचना दुसऱ्या खिडकीत. वरचा व्ह्यूफाइंडर लेन्सपासून काही सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे जवळच्या विषयाचा वरचा भाग कापला जाण्याचा धोका (पॅरलॅक्स) राहतो. स्क्रू लेन्ससाठी एम कडी घेतानाही चौकटीकडे पाहावे लागते. कडीच्या बायोनेटचा आकार २८/९०, ३५/१३५ किंवा ५०/७५ यांपैकी कोणती जोडी उजळेल ते ठरवतो. चुकीच्या कडीने फोटो बिघडत नाही, पण खिडकीत भलतीच चौकट दिसते.

मीटरची दांडी

लेन्सच्या मागच्या जागेवर पहिला हक्क सांगितला तो एक्स्पोजर मीटरने. १९७१च्या लायका एम५मध्ये आणि १९७३च्या छोट्या लायका सीएलमध्ये प्रकाश मोजणारा सेल एका दांडीवर बसवलेला आहे. शटर चढवले की दांडी लेन्सच्या मागे उभी राहते आणि फोटो काढताना खाली दडते. सुपर-अँगुलॉन, ज्युपिटर-१२ किंवा २८ मिमी एल्मारिटची पहिली आवृत्ती यांची मागची काच नेमकी तिथेच येते. अशी लेन्स या बॉडींवर चढवली तर दांडी तरी मोडते किंवा काचेवर ओरखडा तरी पडतो.

१९८४च्या एम६मध्ये ही दांडी गेली. त्यात शटरच्या पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून परतणारा प्रकाश मोजला जातो. लेन्सला धक्का लागण्याची भीती संपली, पण सुपर-अँगुलॉनची मागची काच ठिपका आणि सेल यांच्या आड येते, त्यामुळे वाचन भरवशाचे राहत नाही. अशा लेन्ससोबत हातातले मीटर वापरणे हाच सरळ उपाय. १९८०मध्ये लाइट्झने २१ मिमी एल्मारिट एफ/२.८ रेट्रोफोकस रचनेने आणली. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी आरशाच्या कॅमेऱ्याची रचना घेण्यामागचे एक मोठे कारण मीटर होते. मागची जागा मोकळी झाली आणि लेन्सचा आकार वाढला.

जुन्या लायका आणि झोर्कीचे शटर कापडाचे असते. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे राहिला, तर कापडाला भोक पडू शकते. कॉन्टॅक्स, किएव्ह आणि नंतरच्या कॅननमधले शटर धातूचे असल्याने त्यांना हा धोका कमी.

सेन्सर आणि त्याच्यावरची काच

फिल्मचा थर पातळ असतो आणि कोणत्याही कोनातून आलेला प्रकाश तो टिपतो. सेन्सरचे तसे नाही. प्रत्येक पिक्सेल एका खोलगट खाचेच्या तळाशी असतो, त्याच्यावर रंगगाळणी आणि सूक्ष्म भिंग असते आणि या सगळ्यांवर संरक्षक काच. मध्यावर किरण सरळ पडतात, तिथे काही बिघडत नाही. कडेला सममित वाइड लेन्सचे किरण फार तिरके येतात आणि तीन प्रकारचा त्रास होतो. खाचेच्या भिंतींमुळे प्रकाश आणखी घटतो. शेजारच्या पिक्सेलमध्ये प्रकाश सांडल्याने एका बाजूला जांभळट आणि दुसऱ्या बाजूला हिरवट छटा येते. तिसरे म्हणजे तिरके किरण काचेच्या जाडीतून जाताना सरकतात आणि कोपरे विस्कटतात. लेन्स घडवताना ही काच हिशेबात नव्हती.

पहिला डिजिटल रेंजफाइंडर, एप्सन आर-डी१, २००४मध्ये आला. त्याचा सेन्सर लहान असल्याने २१ मिमीची लेन्स ३२ मिमीसारखी दिसे. कडेचा भाग आपोआप कापला जाई, पण वाइडपणाही जाई. २००६च्या लायका एम८चा सेन्सर २७ × १८ मिमीचा. त्याच्या सूक्ष्म भिंगांची जागा कडेकडे सरकवलेली होती आणि काच फक्त ०.५ मिमी जाड होती. एवढी पातळ काच अवरक्त किरणे पुरती अडवत नाही, म्हणून कृत्रिम धाग्याचे काळे कापड जांभळट दिसू लागले. लायकाने लेन्सवर लावायचे खास फिल्टर दिले. तिरक्या किरणांना या फिल्टरची मर्यादा बदलते, त्यामुळे वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत निळसर-हिरवी छटा आली. ती काढण्यासाठी कॅमेऱ्याला लेन्सची ओळख पटावी लागते. ती ओळख लेन्सच्या बायोनेटवरच्या सहा काळ्या-पांढऱ्या खुणांतून दिली जाते.

२००९च्या एम९मध्ये सेन्सर पूर्ण २४ × ३६ मिमीचा झाला आणि काच ०.८ मिमीची. इथे खुणा नसलेली जुनी लेन्सही मेनूतून निवडता येते. तरीही सुपर-अँगुलॉन किंवा झाइसच्या आधुनिक पण सममित सी-बायोगॉन २१ मिमी एफ/४.५ या लेन्सच्या फोटोत कडेच्या छटा उरतात. २०१२च्या एम मोनोक्रोममध्ये रंगगाळणीच नाही, म्हणून छटांचा प्रश्न मिटतो आणि फक्त काळवंडलेले कोपरे राहतात. जुन्या सममित लेन्सना डिजिटलमध्ये मानवलेली ही पहिली बॉडी म्हणता येईल. २०२२च्या एम११चा सेन्सर मागून प्रकाश घेणाऱ्या रचनेचा आहे. त्यात खाच उथळ असते आणि छटा बऱ्याच कमी होतात.

सोनी ए७सारख्या आरसाविरहित बॉडींवर अडॅप्टर लावून जवळपास कोणतीही रेंजफाइंडर लेन्स बसते आणि फोकस पडद्यावर दिसतो. चौकट, कॅम आणि पॅरलॅक्सच्या कटकटी एकदम मिटतात. पण त्यांच्या सेन्सरवरची काच लायकापेक्षा बरीच जाड असते, त्यामुळे २१ आणि २८ मिमीच्या सममित लेन्सचे कोपरे अ‍ॅपर्चर बंद करूनही विस्कटलेलेच राहतात. रंगाची छटा सॉफ्टवेअरने काढता येते. त्याच लेन्सने, त्याच अ‍ॅपर्चरवर, पांढऱ्या अर्धपारदर्शक तावातून एक फोटो घेतला की त्याच्या आधारे उरलेले फोटो दुरुस्त होतात. विस्कटलेला तपशील मात्र सॉफ्टवेअरने परत येत नाही.

जोडी जुळवताना

यावरून निवडीचा क्रम ठरतो. आधी लेन्सची मागची काच किती बाहेर येते ते मोजावे आणि बॉडीत मीटरची दांडी किंवा आतली भिंत आड येते का ते पाहावे. मग अंतराचा हिशेब : स्क्रूसाठी अचूक कडी, कॉन्टॅक्स-निकॉनसाठी आट्यांचा अडॅप्टर. नंतर जोडणी आहे की अंदाजाने फोकस करायचा, चौकट आहे की वेगळा व्ह्यूफाइंडर घ्यायचा, मीटर चालेल की हातातले लागेल. डिजिटल बॉडी असेल तर शेवटी सेन्सरवरची काच.

या क्रमाने पाहिले तर काही जोड्या निर्धोक ठरतात. सुपर-अँगुलॉन, रुसार आणि ज्युपिटर-१२ फिल्मवर सर्वांत चांगल्या चालतात : एम२, एम४ किंवा झोर्कीसारख्या, मीटरची दांडी नसलेल्या बॉडीवर. युद्धपूर्व बायोगॉन किएव्हवर किंवा युद्धपूर्व कॉन्टॅक्सवर वापरावी. ३५ मिमीच्या जुन्या सुमारॉन आणि सुमिक्रॉन लेन्सचे किरण फारसे तिरके नसतात, म्हणून त्या एम९पासूनच्या डिजिटल बॉडींवरही समाधानकारक चालतात. डिजिटलवर २१ मिमीच हवी असेल तर १९८०नंतरची रेट्रोफोकस लेन्स घ्यावी किंवा सममित लेन्स कृष्णधवल फोटोंसाठी राखून ठेवावी.

विकत घेताना लेन्स उजेडासमोर धरून आतली धूसरता आणि बुरशी पाहणे आवश्यक आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट पावसाळ्यात बुरशी लवकर धरते आणि एकदा तिने काचेवरचा लेप खाल्ला की पुसूनही डाग जात नाही. लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. बाहेर आलेल्या मागच्या काचेला साधे झाकण पुरत नाही, तिच्यासाठी खोल झाकण लागते. ते नसेल तर लेन्स बॉडीवरून काढल्यावर कधीही पाठीवर ठेवू नये.